सत्तावीस मेंढरं आणि एक पेन ड्राइव्ह

एक अख्खं राज्य बुडायला आलेलं आहे, ते वाचवायची जबाबदारी एकट्या आपल्यावर आहे, राजवाड्यातून बोलावण्यांवर बोलावणी येताहेत, आणि अशा वेळी सलग आठ वर्षं त्या राज्याकडं पाठ करून निवांत मेंढरं राखत बसलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. दुर्दैवानं म्हणा की सुदैवानं, तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. म्हणजे आमचे दाजी. दाजी अणदूरचे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली, पंचक्रोशीतल्या म्हशींच्या खुरांपासून शिंगांपर्यंत सगळ्याला पट्ट्या बांधल्या आणि दोन वर्षांपूर्वी नारळ-शाल घेऊन निवृत्त झाले. हे सरळ मार्गाचं आयुष्य. राज्याचं प्रकरण कम्प्युटरमधलं, आणि ते त्यांच्या मागं मीच लावलं.

सोलापूरला नोकरी लागल्यावर मी कॉलेजातला माझा जुना कम्प्युटर अक्काच्या मुलींना अभ्यासाला म्हणून अणदूरला नेऊन दिला. सोबत चुकून एका गेमची सीडी गेली. त्या काळी फार गाजलेला गेम. त्यात आपण एक माणूस व्हायचं, त्याच्या पायांनी एका खोट्या मुलखात हिंडायचं, लोकांशी बोलायचं, हत्यारं मिळवायची आणि शेवटी काळ्या किल्ल्यात बसलेल्या मांत्रिकाला मारून राज्य सोडवायचं. भाच्यांनी कम्प्युटरवर अभ्यास केला, शिकल्या, पुण्याला नोकऱ्यांना लागल्या. गेम दाजींच्या वाट्याला आला.

आता दाजींचं इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या नावांपुरतं. गेमच्या सुरुवातीलाच विहिरीपाशी एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा भेटतो आणि विचारतो, 'राज्य वाचवायला निघशील का?' खाली दोन उत्तरं असतात, हो आणि नाही. 'हो' म्हटलं की गोष्ट सुरू होते. दाजींची समजूत अशी झाली की म्हातारा वाट चुकलाय आणि रस्ता विचारतोय. "रोज इचारतंय बिचारं. आपल्यालाच कुटं ठावं हाय? खोटं कशाला सांगा? न्हाय म्हनून सांगतो." त्यामुळं त्यांची गोष्ट काही सुरूच झाली नाही. मांत्रिक तिकडं किल्ल्यात बसून राहिला आणि दाजी इकडं गावाबाहेरच्या मेंढपाळाकडून मेंढरं घेत राहिले. खरं तर त्या गेमात मेंढरू एकच लागतं, पुढं एका लांडग्याला हुलकावणी द्यायला. दाजींनी सत्तावीस घेतली. ती त्यांच्या वीराच्या मागं ओळीनं चालायची, आणि तो वीर पाठीवर तलवार अडकवून त्यांना ओढ्यावर पाण्याला न्यायचा. प्रत्येकीला नाव होतं. भुरी, काळतोंडी, लंगडी, आणि एक भुरीची सासू ठरली म्हणून सासूबाई.

खेळायला बसताना दाजी डोक्यावर टोपी घालत. एरवी घरात बोडकेच असत, पण कम्प्युटरचं बटण दाबलं की खुंटीवरची टोपी डोक्यावर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, परमुलखात बोडक्यानं जाऊ न्हाय. मानसं काय म्हनतील?" त्या मुलखाचा नकाशा त्यांनी लसीकरणाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर काढला होता. त्यात राजवाडा नव्हता. कुरणं, पाणवठे आणि लांडग्यांच्या जागा मात्र शिस्तीत दाखवलेल्या होत्या. माझ्या लग्नात सासरकडच्या एका बुजुर्गांनी त्यांना सहज विचारलं, तुमच्याकडं जनावरं किती? दाजी भरल्या पंगतीत म्हणाले, "सत्तावीस मेंढरं. एक लंगडती जरा." सासरकडची मंडळी खूश झाली. पुढं महिन्याभरानं ते बुजुर्ग एक चांगला मेंढा मिळतोय का बघायला मुद्दाम अणदूरला आले. दाजींनी त्यांना आत नेलं, खुर्ची दिली आणि कम्प्युटरवर एकेक मेंढरू ओळखीसकट दाखवलं. पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते पहिल्या एसटीनं निघून गेले.

हसायला येतं, पण अक्कानं एकदा मला हळूच सांगितलं होतं. दाजींच्या घरी पूर्वी खरी मेंढरं होती. त्यांना नोकरी लागली, आता राखणार कोण, म्हणून वडलांनी सगळा कळप विकला. विकला त्या दिवशी दाजी दवाखान्यात कामावर होते. संध्याकाळी आले तर मेंढरांचं वाडगं रिकामं. ते त्यावर कधी बोलत नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

या सगळ्यात नळदुर्गचे ढाबेवाले कसे आले, ते सांगायला हवं. हायवेला त्यांचा ढाबा आहे. माणूस दरवाजात उभा राहिला की उजेड अडावा एवढा, आणि आवाज मात्र पाळण्याशी बोलल्यासारखा. त्यांची म्हैस व्यायला अडली होती, ती दाजींनी सोडवली. ते आभार मानायला पेढे घेऊन अणदूरला आले आणि कम्प्युटरवर मेंढरं बघून तिथंच बसले. ते दाजींना 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे. दाजी डॉक्टर नव्हते, पण हाक दुरुस्त करायचा मोह त्यांनी एकदाही होऊ दिला नाही. ढाबेवाल्यांनी ढाब्यावर गाणी लावायला कम्प्युटर घेतलेला होताच. अडचण एवढीच होती की गेम चालू व्हायला सीडी आत लागायची आणि सीडी एकच. शिवाय मेंढरांसकट आतापर्यंतचा सगळा खेळ एका पेन ड्राइव्हवर साठवलेला, तोही एकच.

दुसऱ्या गावात यावरून डोकी फुटली असती. पण अणदूर-नळदुर्गला याची फार जुनी सवय आहे. आमचा खंडोबा दोन्ही गावांत मिळून एक. वर्षातले बरेच महिने तो अणदूरच्या देवळात असतो आणि उरलेले काही नळदुर्गला. देव न्यायच्या आधी दोन्हीकडचे मानकरी समोरासमोर बसून लेखी करार करतात, की इतके दिवस आमच्याकडं, मग तुमच्याकडं. दाजी म्हणाले, "देवाला चालतंय तर गेमाला का चालू न्हाय?" झालं. कागद आला. दहा महिने अणदूर, दोन महिने नळदुर्ग. कलम एक, मेंढरं मोजून घ्यावीत व मोजून द्यावीत. कलम दोन, लांडग्याच्या वाटेनं नेऊ नयेत. कलम तीन, लंगडीला पुढं ठेवावं. खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीदार म्हणून माझी. ठरल्या दिवशी ढाबेवाले टोपी घालून अणदूरला येत, अक्का त्यांना ओवाळत नसे एवढंच, बाकी सगळं यथासांग होई. सीडी आणि पेन ड्राइव्ह रुमालात बांधून ते नळदुर्गला घेऊन जात. असं आठ वर्षं चाललं, आणि त्या आठ वर्षांत दाजींइतका समाधानी माणूस मी पाहिलेला नाही.

मग ढाबेवाल्यांनी राज्य वाचवलं.

त्यांचा स्वभाव भिडस्त. विहिरीवरचा म्हातारा रोज काही तरी विचारतो, आपण रोज नाही म्हणतो, याचं त्यांना वाईट वाटे. एका वर्षी नळदुर्गच्या पाळीत त्यांनी भिडेपोटी 'हो' म्हणून टाकलं. गोष्ट सुरू झाली. एकातून एक कामं निघत गेली आणि महिन्याभरात ते काळ्या किल्ल्याच्या पुलाशी जाऊन पोचले. पुलावर मेंढरं चढेनात. गेमनं विचारलं, सोबतच्यांना इथंच ठेवायचं का? ते पुन्हा 'हो' म्हणाले, आत गेले, मांत्रिकाला मारलं, सिंहासनावर बसले, वर फुलं पडली. जुन्या गेमात तिथून परत बाहेर यायची सोयच ठेवलेली नव्हती, हे त्यांना काय माहीत? ते हरखून, पेढे घेऊन अणदूरला आले. मी त्या दिवशी तिथं होतो. दाजींनी पेन ड्राइव्ह लावला. सिंहासनावर वीर एकटाच बसलेला. दाजींनी पुढं बघितलं, मागं बघितलं.

"मेंढरं कुटं हाईत?"

"पुलाच्या अल्याड हाईत की, डॉक्टरसाहेब. एकाला बी धक्का लागला न्हाय."

"आन् त्यास्नी आनायला कोन जानार? दार तर बंद झालंय."

करारात तसं काही लिहिलेलं नव्हतं, असं काहीसं ढाबेवाले पुटपुटले. त्यावर दाजी जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. म्हणाले, "खरं सांगा शेठ. तुमच्या ढाब्यावर शिजवली न्हाईत न्हवं?"

ढाबेवाल्यांनी पेढ्यांचा पुडा उंबऱ्यावर ठेवला, पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला आणि गेले. बारा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. चार कोसांचं अंतर नाही, पण दाजी हायवेनं पुढं कुठं निघाले तरी नळदुर्ग आलं की एसटीत डोळे मिटून घेत. सीडी अणदूरच्या कपाटात, पेन ड्राइव्ह नळदुर्गला. अर्धा देव इथं आणि अर्धा तिथं.

यंदा मला फोनवर बातमी दिसली, तोच गेम नवा करून पुन्हा बाजारात आलाय. चित्रं सगळी नव्यानं काढलेली, आवाज नवे, आणि त्यात दोन गोष्टी अशा होत्या की मी लगेच दाजींना फोन लावला. एक म्हणजे जुना साठवलेला खेळ नव्या गेमात उघडतो. दुसरं, मांत्रिक मेल्यावरही आता किल्ल्याबाहेर पडून मुलखात हिंडता येतं. पलीकडून प्रश्न आला, "म्हंजी पुलापत्तोर जाता येतंय?" मी म्हटलं, येतं, पण पेन ड्राइव्ह लागेल. "बरं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. नळदुर्गला जा म्हणायची हिंमत मला झाली नाही, आणि दाजी आपणहून जातील असं अक्कालाही वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी लॅपटॉपवर नवा गेम घालून अणदूरला गेलो. दाजींनी टोपी घातली. मी त्यांना जगभरातल्या लोकांनी या नव्या गेमवर काय काय लिहिलंय ते मराठी करून वाचून दाखवू लागलो, तर ते बघतच राहिले. वीस वर्षं त्यांची कल्पना अशी होती की हा गेम अणदूर आणि नळदुर्ग एवढ्या दोनच गावांत आहे. "म्हंजी ही सगळी आपल्यातलीच मानसं?" कुणी लिहिलं होतं, राजकन्येचा चेहरा फार गुळगुळीत केला, पूर्वीची खरी वाटायची. कुणी जुनं संगीत काढलं म्हणून कंपनीला शिव्या घालत होता. कुठल्याशा थंड देशातल्या बाईनं लिहिलं होतं, विहिरीवरची धून ऐकली आणि मला आजोळ आठवून रडू आलं. दाजी म्हणाले, "बाई खरं बोलती. त्या हिरीवर गार वाटतंय."

मग त्यांनी नवा खेळ पहिल्यापासून सुरू केला, मेंढपाळाकडं गेले, एक मेंढी घेतली, तिच्याभोवती फिरले आणि उभेच राहिले. "पाव्हणं, हिला सड किती हाईत?" मी वाकून बघितलं. चित्रकारानं मोठ्या हौसेनं लोकरीचा केसन् केस काढला होता आणि खाली कासेला सड चार. "चार," मी म्हटलं. "मेंढीला सड दोन असत्यात! ही काय गाय हाय? ल्ह्या. आत्ताच्या आत्ता ल्ह्या." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली: महोदय, विषय, मेंढीच्या सडांबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात... मी त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं, खाली दाजींचं गाव घातलं आणि जिथं सगळे भांडत होते तिथं टाकून दिलं.

लोकांना ते फार आवडलं. अर्ध्यांना वाटलं थट्टा आहे. थंड देशातल्या बाईनं लिहिलं, हे गृहस्थ बरोबर आहेत, माझ्याही मेंढ्या आहेत. कुणी तरी नवा मुद्दा काढला की बाकीचे दाजींचं पत्र दाखवून म्हणायचे, आधी सडांचं बघा. दाजी रोज सकाळी मला फोन करून विचारायचे, "काय म्हनत्यात आपली मानसं?" कंपनीनं काही कळवलं नाही. सड चारच राहिले. पण तिसऱ्या रविवारी मी अणदूरलाच होतो, फोनवर एकेक उत्तर वाचून दाखवत होतो, आणि त्या इंग्रजीच्या गर्दीत एक ओळ चक्क मराठीत निघाली. मी न थांबता वाचून गेलो: "डॉक्टरसाहेबांचं बराबर हाय. मेंढीला सड दोनच. पेन ड्राइव्ह जपून ठिवलाय."

दाजींना डॉक्टरसाहेब म्हणणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे. दाजींनी अर्धा राहिलेला चहा संपवला, बशी धुऊन ठेवली, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. कपाट उघडून सीडी काढली, जिची आता कुणालाच गरज नव्हती, ती रुमालात बांधली आणि खुंटीवरची टोपी घेतली. "चला पाव्हणं. गाडी काडा." एरवी मोटारसायकलवर माझ्या मागं बसून 'वढा जोरात' म्हणणारे दाजी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "जरा दमानं."

ढाब्यावर ढाबेवाले दारातच उभे होते, किंचित वाकलेले, डोळ्यांना जाड काचा. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही रस्त्याकडं बघू लागले. एक ट्रक गेला, दुसरा गेला. शेवटी दाजी म्हणाले, "त्या दिवशी म्या लई वंगाळ बोललो, शेठ."

ढाबेवाल्यांनी वर बोट दाखवलं. ढाब्याच्या कपाळावर हातभर अक्षरांत पाटी होती, 'शुद्ध शाकाहारी'. त्यांच्या त्या बारीक आवाजात ते म्हणाले, "बोर्ड तर वाचायचा हुता की, डॉक्टरसाहेब. बारा वरसं तेच मनाला लागून ऱ्हायलं." आणि आत गेले. मला वाटलं मिटलं नाही. पण ते देव्हाऱ्यातून एक वाटी घेऊन आले. वाटीत खंडोबाचा भंडारा, आणि भंडाऱ्यात रोवलेला तो पेन ड्राइव्ह, पिवळाजर्द.

त्याच्या तोंडातला भंडारा आम्ही तिघांनी आळीपाळीनं फुंकून काढला. कापडानं पुसला, काडीनं कोरला. मी लॅपटॉपला लावला तेव्हा, खरं सांगतो, ही गमतीची गोष्ट आहे हे माझ्या अजिबात लक्षात राहिलं नव्हतं. काही वेळ काहीच झालं नाही. मग सिंहासन आलं. वीर बारा वर्षं जसा बसला होता तसाच बसलेला. दाजींनी टोपी सारखी केली आणि त्याला उठवलं. दालनाचं दार या वेळी उघडलं. जिने, अंगण, वेस, मग तो लांबलचक पूल, आणि पुढं धुकं. दाजी इतक्या हळू चालवत होते की ढाबेवाले म्हणाले, "पळवा की त्याला." दाजी म्हणाले, "पळू न्हाय. बुजतील."

पूल संपला. धुक्यात आधी एक कान दिसला. मग लंगडी, सगळ्यांच्या पुढं. कलम तीन. तिच्यामागं सगळी उभी होती, ओळ न मोडता. नव्या चित्रात लोकर वाऱ्यानं हलत होती. दाजी बोटानं पडद्यावर मोजू लागले. वीस झाल्यावर "एक ईस" म्हणाले आणि पुढची सात एकेक करून मोजली. "...सात. एक ईस आन् सात." ढाबेवाल्यांनी जाड काचा काढून पुसल्या. मी कुठं बघावं ते न कळून खाली वाकलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, सड चार आहेत सगळ्यांना."

दाजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "चार तर चार," म्हणाले. "हाईत न्हवं? बास झालं."

त्याच दुपारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन नवा करार लिहिला. ढाबेवाल्यांनी न्यायाचा मुद्दा काढला, की बारा वर्षांत नळदुर्गच्या दोन-दोन महिन्यांच्या पाळ्या बुडाल्या, म्हणजे चोवीस महिने झाले, तेव्हा आता सलग दोन वर्षं खेळ नळदुर्गला. मला वाटलं दाजी उठून जातील. त्यांनी मुकाट्यानं सही केली. लॅपटॉप तिथंच ठेवून मी हात हलवत सोलापूरला परतलो. कराराचं फळ असं की मेंढरं नळदुर्गला, आणि म्हणून दाजीही रोज सकाळी एसटीनं नळदुर्गला. ढाबेवाल्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून मोजायला माणूस लागतो, असं अक्काला सांगितलेलं आहे. अक्का म्हणते, "आदी बोलत नव्हते तवा निदान घरी तरी असायचे."

परवा जाता जाता ढाब्यावर थांबलो. खाटेवर दोघं शेजारी-शेजारी, दोघांच्या डोक्यावर टोप्या. मांत्रिक मेलेला, राज्य वाचलेलं, त्या मुलखात आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी विचारलं, दाजी, आता यात करता तरी काय? म्हणाले, "राखतो." मग विहिरीपाशी तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा पुढं आला आणि त्याच्या खाली अक्षरं उमटली. दाजी म्हणाले, "ह्ये आजून वाट इचारतंय. तुमी वाचा की एकदा, काय म्हनतंय ते." वीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मी वाचलं. म्हातारा म्हणत होता, तुझं इथलं काम संपलं. आता निघायचं का?

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ढाबेवाले गालात हसले. दाजींनी नेहमीसारखं 'नाही' वर बोट दाबलं आणि लंगडीला पुढं घालून ते ओढ्याकडं निघाले.